पाणी मुरवणाऱ्या साळवी बाई

साळवी बाई शाळेत कुणाही शिक्षकाला नावानं हाक मारीत नसत. गणिताचे सर म्हणजे 'गणित', भूगोलाच्या बाई म्हणजे 'भूगोल' आणि मी 'मराठी'. "अहो मराठी, खडू आहे का जवळ?" असा आवाज व्हरांड्याच्या त्या टोकावरून आला की आख्ख्या भाषेची जबाबदारी आपल्यावर येऊन पडल्यासारखं वाटायचं आणि पाठ आपोआप ताठ व्हायची. पी.टी.च्या सरांना त्या 'व्यायाम' म्हणत. सरांचं पोट पट्ट्याला न जुमानणारं, त्यामुळे पोरं हसत. शेवटी त्यांनी तक्रार केली, "बाई, मला आडनाव आहे."

"आडनाव वडिलांनी दिलं. विषय तुम्ही निवडलात. निवडलेल्या गोष्टीची लाज कशाला वाटते?" बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून व्यायाम सर रोज सकाळी मैदानाला दोन फेऱ्या मारायला लागले. महिनाभर टिकलं ते.

बाईंचं चरित्र मला ठाऊक नाही. संगमेश्वरकडच्या, एवढं माहीत होतं. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नव्हतं, ते विचारायची छाती आमच्या स्टाफरूममध्ये तरी कुणाची झाली नाही. सुती पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि काखेत काळी छत्री. छत्री बारा महिने. तिचा उपयोग पावसात क्वचित आणि फळ्यावर रोज. बेडकाचं हृदय त्या छत्रीच्या टोकानं असं दाखवीत की मागच्या बाकावरचं पोरगंही छातीला हात लावून बघायचं.

त्या रुजू झाल्या त्या पहिल्याच दिवशीची गोष्ट. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहाची किटली आली. आमच्याकडे चहा ओतायचं काम बायकांचं. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण चालत आलेलं होतं. किटली बाईंच्या पुढ्यात ठेवली गेली. त्यांनी स्वतःचा कप भरला, किटलीवर झाकण ठेवलं आणि पेपर वाचायला घेतला. आम्ही अकरा माणसं रिकामे कप घेऊन बसलो. दोन मिनिटांनी गणितानं खाकरून विचारलं, "बाई, चहा?"

"चांगला आहे. घ्या ना."

त्यानंतर आमच्या शाळेत ज्याचा कप त्याचा हात, ही पद्धत पडली. मला ती अजून आवडत नाही, पण बरोबर आहे हे मान्य करावं लागतं.

आता त्या काचेच्या टाकीबद्दल. बाईंचं नाव रत्नागिरीत गाजलं ते तिच्यामुळे, आणि बाई तिथून गेल्या त्याही तिच्यापायी.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. शाळेला दोन खोल्यांची नवी इमारत झाली होती. एका खोलीत प्रयोगशाळा. जुनी शाळा कौलारू होती. नवीला सिमेंटचं सपाट छप्पर. कोकणात सपाट छप्पर घालणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाही तर संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. आमच्याकडे पुतण्या होता. इमारत पुरी झाल्याच्या आनंदात अध्यक्षांनी वडिलांच्या स्मरणार्थ प्रयोगशाळेला चार फुटी काचेची टाकी भेट दिली. लोखंडी चौकट, चारी बाजूंनी काच, वाळूखाली जाळी, बुडबुडे सोडणारा पंप, असा सगळा थाट होता. मुंबईहून प्लास्टिकच्या पिशवीतून डझनभर लाल मासे आले. जून महिन्यात शाळा उघडली, त्याच दिवशी उद्घाटन ठरलं.

साळवी बाई आदल्या दिवशी टाकीपाशी उभ्या राहिल्या, वाकून पाण्याचा वास घेतला आणि म्हणाल्या, "यात मासे सोडायचे नाहीत. पाणी मुरलेलं नाही."

अध्यक्ष हसले. चांगला उंचापुरा, आंब्याच्या बागांचा मालक, आवाजात वजन. "बाई, पाणी ते पाणी. आपल्या विहिरीचं आहे. काचेसारखं स्वच्छ आहे."

"स्वच्छ आहे तेच वाईट आहे," बाई म्हणाल्या आणि तिथंच तास घेतला. मासा खातो, त्याच पाण्यात घाण करतो. त्या घाणीचं होतं विष. हे विष खाणारे बारीक जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. एक जात ते खाऊन दुसरं विष करते, दुसरी जात ते दुसरं विष खाऊन बिनधोक करते. ही सगळी वस्ती वाळूत आपोआप येऊन बसते, पण तिला महिना-सव्वा महिना लागतो. "लोणचं घातल्याच्या दुसऱ्या दिवशी पानात वाढता का?"

"आमच्याकडे वाढतात," हेडसर म्हणाले. हेडसर तसे साधे गृहस्थ. खिशात चूर्णाची डबी आणि मनात अध्यक्षांची भीती.

"घाई असेल त्यानं घरी जावं," बाई म्हणाल्या. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. परीक्षेत अर्ध्या तासात पेपर देऊन उठणाऱ्या पोराला, एस.टी.च्या रांगेत मागून ढकलणाऱ्याला, सर्वांना एकच वाक्य. अध्यक्षांना ते त्यांच्याच शाळेत पहिल्यांदा ऐकायला मिळालं असावं.

उद्घाटन अर्थात झालं. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, मासे सुटले. चौथ्या दिवशी पहिला मासा उलटा झाला. दहा दिवसांत टाकी रिकामी. अध्यक्ष म्हणाले, बाईंचा हात जड आहे. बाईंनी फॉर्मॅलिनमध्ये जपून ठेवलेले ते बारा मासे ट्रेमध्ये ओळीनं मांडले, नववीचा वर्ग बोलावला, कल्ले उघडून दाखवले आणि सांगितलं, "लिहा. मृत्यूचं कारण : घाई." पोरांनी वहीत लिहिलं. एका पोराचे वडील संस्थेत सदस्य होते, त्यांनी ती वही अध्यक्षांपर्यंत नेली. अध्यक्षांनी टाकीकडे पाठ फिरवली ती वर्षभर, आणि जाता जाता म्हणाले, "आता करा तुम्हीच काय करायचं ते."

बाईंना तेच हवं होतं.

त्यांनी टाकी धुऊन पुन्हा भरली, पंप सुरू केला आणि दुसऱ्या दिवसापासून रिकाम्या टाकीला जेवण घालायला लागल्या. रोज प्रार्थना झाली की चिमूटभर सुका जवळा पाण्यात टाकायचा. खायला आत कोणी नाही. जवळा तळाशी बसायचा, कुजायचा. आठवड्यात पाणी दुधी झालं आणि प्रयोगशाळेला मासळीबाजाराची कळा आली. गावभर झालं की साळवी बाई नसलेल्या माशांना जेवू घालतात. भूगोल बाई मला हळूच म्हणाल्या, "एकटं राहिलं की असं होतं हो." मीही मान डोलावली. खोटं कशाला बोलू?

बाई मात्र रोज टाकीतलं थोडं पाणी परीक्षानळीत घेत आणि कॉलेजातल्या मैत्रिणीकडून आणलेल्या बाटलीतले दोन थेंब त्यात टाकत. विष असलं की पाणी पिवळं होई. पहिल्या पंधरवड्यात रंग हळदीपासून विटेपर्यंत चढत गेला. मग एका सकाळी तो उतरायला लागला. बाईंनी त्या नळीकडे बघून मोठ्यानं हाक मारली, "मराठी! भूगोल! या इकडे! आले ते!" आम्ही धावलो. नळीत फिकट पिवळं पाणी होतं, आणखी काही नव्हतं. "कोण आले?" मी विचारलं. "राहायला आले," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

याच काळात त्यांनी मला पाटी रंगवायला सांगितली. "मराठी, तुमचं अक्षर चांगलं आहे. विचार नसले तरी चालतील." त्यांनी मजकूर सांगितला, इथं पाणी मुरतंय, हात लावू नका. मी तो शुद्ध केला आणि लाकडी फळीवर निळ्या रंगात लिहिलं : 'येथे पाणी मुरत आहे. हात लावू नये.' अक्षर खरंच छान उतरलं होतं. पाटी टाकीवर, मागच्या भिंतीला टेकवून उभी केली. माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला त्या वाक्यात काही खटकू नये, याचं आता नवल वाटतं.

पाणी मुरलं. आता मासे कोणते? सगळ्यांना वाटलं, पुन्हा मुंबईहून रंगीत काहीतरी येईल. बाई छत्री घेऊन भाट्याच्या खाडीवर गेल्या. मी त्या दिवशी बरोबर होतो, कारण बालदी धरायला त्यांना 'भाषेचा माणूस' हवा होता. तिथं मरियमबी नावाची मासळीवाली होती. बाईंनी तिच्याकडे कालुंदर ही खाडीतली खायची मासळी मागितली. जिवंत, हाताच्या बोटाएवढी, आठ.

"जिती कशाला, बाई? तवा तापवून आलाव काय?"

"पाळायची आहेत."

मरियमबीनं टोपली खाली ठेवली. "कालुंदर पाळतात? मंग उद्या बांगड्याचं नाव शालेत घाला." आजूबाजूच्या बायका खिदळल्या. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "परदेशात ज्या माशांना लोक हजारो मैलांवरून मागवतात ना, त्यांच्या कुळातला हा आहे. आपल्या खाडीत राहतो म्हणून त्याला किंमत नाही. आई-बाप दोघं मिळून पोरं सांभाळतात यांच्यात. दोघं, मरियमबी."

"दोगं?" मरियमबी जरा थांबली. तिचा नवरा कुवेतला होता. "मंग पाला बाई. बापूस पोरां सांभालताना कसा दिसतो, ता बगायला येतंय मी."

खाडीचं खारं पाणी ते विहिरीचं गोडं पाणी, हा बदल त्यांनी पंधरा दिवस पुरवला. व्हरांड्यातल्या पिंपात मासे ठेवून रोज दोन तांबे खारं काढायचं, दोन तांबे गोडं घालायचं. मग टाकी. आठातली दोन दगावली, सहा राहिली. करडी-हिरवी, अंगावर मोत्यासारखे ठिपके, आणि स्वभावानं अशी की आपल्या कोपऱ्यात दुसऱ्याला फिरकू देत नसत. त्यातल्या एकीला पोरं 'साळवी' म्हणत. बाईंना हे माहीत होतं.

पुढचं वर्षभर ती टाकी म्हणजे शाळेतलं एक खातंच झालं. रोज एक बालदी पाणी काढायचं, एक घालायचं. सगळं पाणी एकदम कधीही बदलायचं नाही. वीज वारंवार जायची आणि पंप बंद पडायचा. त्यावर बाईंनी लॉरीची जुनी ट्यूब मिळवली. ती फुगवून ठेवायची, वीज गेली की तिची नळी टाकीत सोडायची, हवा दोन-तीन तास पुरते. ट्यूब भरायची कशी? तर शाळेत उशिरा येणाऱ्यानं सायकलच्या पंपानं पन्नास वेळा हवा मारायची. छडीपेक्षा ही शिक्षा जबर होती. एकदा हेडसरच उशिरा आले. बाईंनी फक्त पंपाकडे बघितलं. हेडसरांनी चूर्णाची डबी टेबलावर ठेवली आणि वीस मारले.

पावसाळ्याच्या तोंडाला नगरपालिकेचा माणूस विहिरीत जंतू मारायची पावडर टाकायला आला, तेव्हा बाई छत्री आडवी धरून काठावर उभ्या. "टाक, पोरं पितात ते पाणी, टाकायलाच हवी. पण आधी माझी चार पिंपं भरून होऊ देत." तो म्हणाला, साहेब ओरडतील. बाई म्हणाल्या, साहेबांना इकडे पाठव. गंगाराम शिपायानं पिंपं भरेपर्यंत तो माणूस बिडी ओढत बसला. गंगाराम हा बाईंचा उजवा हात. सुरुवातीला त्यालाही त्या वेड्या वाटल्या होत्या. आता माशांना जवळा तोच घालायचा आणि रजेवर गेला तर शाळेत निरोप पाठवून त्यांची चौकशी करायचा.

आणि मग दुसरा पावसाळा आला.

त्या वर्षी नव्या इमारतीच्या छपरानं हात टेकले. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीवर, बरोबर टाकीच्या वर, ओल उतरायला लागली. आधी ताटाएवढा डाग, मग दारभर. ऑगस्टपर्यंत भिंतीवरून पाण्याचे ओघळ सरळ खाली येत होते. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि अशी सर आली की अध्यक्ष, त्यांचे जिल्ह्याच्या ठिकाणचे पाहुणे, संस्थेचे सदस्य, सगळे सफेद कपडे सांभाळत सगळ्यांत जवळच्या खोलीत शिरले. ती खोली प्रयोगशाळा होती. भिंतीवरून पाणी वाहत होतं. तिच्या मधोमध, माझ्या सुंदर निळ्या अक्षरात लिहिलेलं होतं : येथे पाणी मुरत आहे. हात लावू नये.

एक पाहुणा पहिल्यांदा हसला. मग दुसरा. तिसरा अध्यक्षांच्या पुतण्याकडे बघून म्हणाला, "शाळेनं लेखी देऊन टाकलंय!" आणि मग सगळी खोली हसली. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी पाटी वाचली, भिंत बघितली, पुन्हा पाटी वाचली. मी दारात उभा होतो.

दुसऱ्या दिवशी बाईंना मेमो मिळाला. संस्थेची बदनामी करणारा मजकूर जाणूनबुजून लावल्याबद्दल तीन दिवसांत लेखी माफी मागावी, अन्यथा टाकी रिकामी करून प्रयोगशाळेतून हलवण्यात येईल. हेडसरांनी मला बोलावून घेतलं आणि मराठीचा शिक्षक म्हणून लेखी मत मागितलं, या वाक्याचा अर्थ काय होतो?

मी काय लिहायला हवं होतं, ते मला माहीत होतं. पाटी मी लिहिली, बाईंच्या मनात पाण्याशिवाय काही नव्हतं, मला साक्षीला बोलवा. मी लिहिलं, 'सदर वाक्याचे संदर्भानुसार दोन्ही अर्थ संभवतात.' पाटीवरचं अक्षर कुणाचं, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला त्या कागदाची आजही लाज वाटते.

बाईंनी तो कागद बघितला. "मराठी, पास झालात," त्या म्हणाल्या. "पस्तीस मार्क."

मग त्यांनी खुलासा लिहिला. तो मी नंतर वाचला. 'टाकीतील पाणी मुरत आहे, हे विधान सत्य आहे, तपासून पाहावे. भिंतीत पाणी मुरत आहे, हेही सत्य आहे; तेही तपासून पाहावे. आणखी कुठे मुरत असल्यास मला माहीत नाही, ज्यांना तसे वाटले त्यांना माहीत असावे. सत्य विधानाबद्दल माफी मागण्याची पद्धत जीवशास्त्रात नाही.' खाली लफ्फेदार सही. हेडसरांनी तो कागद दोन बोटांत धरून अध्यक्षांकडे पाठवला आणि घाईघाईनं चूर्ण खाल्लं. अध्यक्षांचा निरोप आला, सोमवारी टाकी रिकामी करा.

सोमवारी सकाळी गंगाराम बालदी घेऊन टाकीपाशी गेला आणि तसाच परत पळत आला. "बाय, कौलाला अंडी चिकटलीत! गच्च!"

टाकीत लपायला म्हणून ठेवलेल्या कौलाच्या तुकड्यावर शेकडो बारीक पिवळसर दाणे होते. त्यांच्यासमोर नर आणि मादी आळीपाळीनं पंख हलवत पाण्याचा वारा घालत होते. आम्ही सगळे काचेला नाक लावून उभे होतो. बाई हळूच म्हणाल्या, "चार दिवस. चार दिवसांत पिल्लं बाहेर येतील."

गंगारामला आणि मला मागे घेऊन त्या हेडसरांकडे गेल्या आणि चार दिवस मागितले. मी त्यांना कधी काही मागताना बघितलं नव्हतं. हेडसर म्हणाले, माफीचा कागद द्या, टाकी आत्ता वाचते. एका ओळीचा कागद. बाईंनी टेबलावरचं पेन उचललं. आपल्यासमोर ती ओळ लिहून टाकतील असं हेडसरांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं. लिहून टाकावी, असंही वाटलं.

"गंगाराम," पेन परत ठेवून बाई म्हणाल्या, "वर्ग चालू असताना प्रयोगशाळेत काम काढायचं नाही, असा नियम आहे ना शाळेचा?"

"हाय बाय."

"मग आठवी अ ला प्रयोगशाळेत बोलाव."

त्या दिवशी बाईंचे सहाही तास टाकीसमोर झाले. मधल्या सुट्टीत त्या स्टुलावर बसून तिथंच डबा खात होत्या. गंगाराम बालदी घेऊन दाराशी उभा, हेडसर व्हरांड्यात येरझारा घालतायत. दोनदा त्यांनी विचारलं, "झालं का रे?" गंगारामनं दोनदा उत्तर दिलं, "माजा काय चालत नाय सर. वर्ग हाय. नियम तुमीच केलेलाव." बाईंना त्या दिवशी दोन तास मोकळे होते. तिसऱ्या तासाला गणित आले आणि म्हणाले, "बाई, आमच्या वर्गात गळतंय. माझी नववी इथं बसवू?" त्यांच्या वर्गात गळत नव्हतं. सातव्या तासाला भूगोल बाई आल्या.

मंगळवारी, बुधवारीही तसंच; शाळा सुटली की गंगारामची कामाची वेळ संपलेली असे. बुधवारी पाचव्या तासाला कुणी नव्हतं, आणि तो माझा तास होता. मी हजेरीपत्रक उचललं आणि दहावी ब घेऊन गेलो. यात शौर्य काही नव्हतं. चार पायऱ्या उतरायच्या होत्या. बाईंनी मला बघितलं, स्टुल सरकवलं आणि वह्या तपासायला मागच्या बाकावर जाऊन बसल्या. मी वाक्प्रचार शिकवले. 'पाणी मुरणे' घेतला. त्याचे दोन अर्थ सांगितले, आणि मग तिसराही सांगितला. व्हरांड्यात हेडसर थांबले होते. मी मागे वळून म्हटलं, "पाटी मी लिहिली आहे, सर. अक्षर माझं आहे." आवाज जरा चिरका निघाला. नंतर बाई एवढंच म्हणाल्या, "साठ."

गुरुवारी अध्यक्ष स्वतः आले. दोन माणसं आणि मोठं पिंप घेऊन. प्रयोगशाळेत सातवी क होती, साठ पोरं, एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी, आणि खिडकीशी मी. अध्यक्ष दारातून आत आले, तशी पोरं उठून उभी राहिली. बाई म्हणाल्या, "बसा रे. दचकतील ती."

"बाई, हे पोरखेळ पुरे," अध्यक्ष म्हणाले.

"या. बघून घ्या, मग पिंप भरा. मी अडवत नाही."

अध्यक्ष वाकले. रात्रीत अंडी फुटली होती. वाळूत आई-बापांनी वाटीएवढा खड्डा केला होता आणि त्यात शे-दीडशे पिल्लं थरथरत होती, जिऱ्याएवढी. एक पिल्लू खड्ड्यातून वर आलं. नरानं ते तोंडात धरलं आणि परत खड्ड्यात आणून टाकलं. अध्यक्ष बघत राहिले. दुसरं वर आलं, तेही परत गेलं. सातवी क मधे एवढी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती.

"खातो काय तो त्यांना?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. घरी नेतोय."

"कालुंदर ना हे?" त्यांचा आवाज बदलला होता. "आमचे वडील पागाचं जाळं टाकायचे भाट्याला. आम्ही याचं कालवण खाल्लंय हो लहानपणी. हे असलं काही करतात, हे माहीत नव्हतं." ते सरळ झाले, धोतर झटकलं आणि पिंपवाल्यांना जा म्हणाले. दारात थांबून म्हणाले, "टाकी राहू दे. वडिलांच्या नावाची आहे. पाटी तेवढी काढा."

"पाटी राहील," बाई म्हणाल्या. "छप्पर करून घ्या. भिंत सुकली की पाटीला एकच अर्थ उरेल."

साठ पोरांसमोर. मी डोळे मिटून घेतले. अध्यक्ष निघून गेले.

दिवाळीच्या सुट्टीत छपरावर पत्रे चढले. सुट्टी संपली त्या दिवशी बाईंच्या हातात बदलीचं पत्र होतं. संगमेश्वरच्याही आत, घाटाच्या अंगाला संस्थेची एक शाखा होती, चार वर्गांची. प्रयोगशाळा नाही, वीज असली तर असायची. 'प्रशासकीय सोयिसाठी' असं लिहिलं होतं. बाईंनी स्टाफरूममध्ये ते मोठ्यानं वाचलं आणि पत्र माझ्यापुढे धरलं. "मराठी, यांनी 'सोयी'तली यी ऱ्हस्व लिहिलीय. लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवा. मग जाते." मी केली दुरुस्त. त्यांनी ते खरंच परत पाठवलं, आणि संस्थेकडून शुद्ध पत्र आल्यावरच त्या निघाल्या.

आम्ही निरोप समारंभ ठरवला होता. बाई म्हणाल्या, "भाषणं नकोत. मी काही मेलेली नाही." माशांबद्दल गंगारामशी अर्धा तास बोलल्या, पाटी जागेवर आहे का ते बघितलं आणि गेल्या. मरियमबी मात्र त्याच आठवड्यात शाळेत आली, काचेपाशी बसली आणि नर मासा मोठाल्या पिल्लांमागे फिरताना बघून म्हणाली, "हाय खरा गो." तिला बाई भेटल्या नाहीत.

मला भेटल्या. एस.टी. स्टँडवर, दुपारची वेळ होती. देवरूखची गाडी लागली होती. बाई खिडकीशी बसलेल्या, छत्री पायांशी, ट्रंक टपावर, आणि मांडीवर चिनी मातीची बरणी. तिच्या तोंडाला झाकण नव्हतं, ओलं फडकं बांधलेलं होतं. कंडक्टर त्यांच्याशी हुज्जत घालत होता.

"बाई, लोणचं सांडेल. बरणी खाली ठेवा."

"लोणचं नाही. वाळू आहे."

"वाळू?" कंडक्टरनं माझ्याकडे बघितलं. "वाळू मांडीवर कशाला?"

मला बघून बाईंनी फडक्याची गाठ जरा सैल केली. आत टाकीतली ओली, काळपट वाळू होती. "या बारीक जिवांना वारा लागतो," त्या म्हणाल्या. "चार तास काढतील. पोचले की पाण्यात."

"कोणत्या पाण्यात, बाई?" मी म्हटलं. "तिथं टाकी कुठं आहे?"

"नाही."

"काच? पंप?"

"नाही. हंडा आहे." गाडी सुरू झाली. बाईंनी बरणी पोटाशी धरली. "टाकी मागाहून येईल, मराठी. अध्यक्ष तिथलेही हेच आहेत."

गाडी स्टँडातून वळली. मी हात हलवला. बाईंनी हलवला नाही, त्यांचे दोन्ही हात बरणीवर होते.